दोन पानांसाठी नाशिक-पुणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातपूर एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथ, एक व्हीएमसी, म्हणजे तसेच उभे मिलिंग मशीन, आणि मला धरून सहा माणसे. आम्ही टर्निंगचे जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्यांचे धातूचे भाग लेथवर कातून देतो. माझे शिक्षण डिप्लोमा, १९९१ चा. संगणकाचे जे काही येते ते गरज पडली म्हणून रात्री जागून शिकलेलो आहे. हे पत्र शोधनिबंध सर्वसामान्य माणसाला वाचायला मिळावेत यासाठी आहे. माझी ओळख आधीच सांगतो, कारण शोधनिबंध हा शब्द वाचला की "हे प्राध्यापक मंडळींचे दुखणे, आपल्याला काय त्याचे" म्हणून पान उलटले जाते. हे दुखणे माझ्या शेडमध्ये आले आहे.

आमच्याकडे बावीस वर्षे एक ऑपरेटर होते. मशीनशेजारून जाता जाता म्हणायचे, "शेठ, इन्सर्ट बदला, आवाज फिरलाय." इन्सर्ट म्हणजे लेथवर धातू कापणारे, बदलता येणारे टोक. काढून बघावा तर कड खरोखर झिजलेली असायची. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ते काम सोडून सिन्नरकडे आपल्या गावी गेले. पुढच्या तीन महिन्यांत दोनदा माल रिजेक्ट होऊन परत आला. दुसऱ्या खेपेला एकशे चाळीस शाफ्ट होते, साइज वाढलेली, फिनिश गेलेला. रात्रपाळीत इन्सर्ट झिजला होता आणि कुणाच्या कानाला ते कळले नव्हते.

त्या एकशे चाळीस शाफ्टांनी मला या वाटेला लावले. एम. जी. रोडवरून एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा संगणक, आणि कंपन मोजणारा सेन्सर आणला आणि टरेटजवळ, म्हणजे इन्सर्ट धरणाऱ्या भागाजवळ, बसवला. सेकंदाला हजार रीडिंगे येऊ लागली. इन्सर्ट झिजू लागला की कंपने सरासरीच्या आजूबाजूला जास्त पसरतात. हा पसारा मोजायला व्हेरिअन्स काढतात. डिप्लोमाच्या गणितात शिकलेले सूत्र प्रोग्रॅममध्ये घातले : सगळ्या रीडिंगांच्या वर्गांची बेरीज, त्यातून बेरजेचा वर्ग भागिले संख्या वजा, आणि उरेल त्याला पुन्हा संख्येने भाग. वीस मिनिटे बरे चालले आणि मग स्क्रीनवर व्हेरिअन्स आला उणे ४१२.

पसारा कधी उणे नसतो, जसे शेताचे क्षेत्रफळ उणे नसते. दोन रात्री मी वायरिंग तपासले, सेन्सर बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री कळले की सेन्सर बरोबर होता, चूक गणित करण्याच्या पद्धतीत होती. माझे प्रत्येक रीडिंग सोळा हजारांच्या आसपास आणि त्यातला चढउतार जेमतेम वीस-तीसचा. त्यांच्या वर्गांच्या बेरजा अफाट मोठ्या होतात. बत्तीस बिटांच्या दशांश आकड्यात जेमतेम सात अंक खरे राहतात. दोन अफाट आणि जवळपास सारख्या बेरजा एकमेकींतून वजा केल्या की खरे अंक उडून जातात, उरतो तो कचरा. पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर दोनदा मोजायचा आणि दोन वजनांच्या फरकातून शेतकऱ्याच्या खिशातल्या अडकित्त्याचे वजन काढायचे, तसा तो प्रकार.

यावर तोडगा जुनाच आहे. बी. पी. वेलफोर्ड यांनी १९६२ साली तो अमेरिकेतल्या एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात लिहिला. बेरजा साठवायच्याच नाहीत. नवे रीडिंग आले की ते जुन्या सरासरीपासून किती लांब आणि नव्या सरासरीपासून किती लांब, या दोन अंतरांचा गुणाकार जमेत टाकत जायचा. ही दोन्ही अंतरे नेहमी एकाच बाजूची असतात, त्यामुळे जमा उणे होतच नाही. किती सरळ आहे बघा! मला हे वाचून इतका आनंद झाला की रात्री साडेबाराला पत्नीला उठवून सांगितले.

कुणी विचारेल, पद्धत कळली ना, मग मूळ निबंध कशाला हवा? कारण इंटरनेटवर तीच पद्धत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली होती. एकीकडे शेवटी संख्येने भागले होते, दुसरीकडे संख्येतून एक कमी करून, तिसरीकडे जुनी आणि नवी सरासरी यांची चक्क अदलाबदल झाली होती. एका एआय अ‍ॅपला विचारले. त्याने तीन निबंधांची नावे दिली, त्यातला एक शोध शोध शोधला, तो अस्तित्वातच नव्हता. आणि माझा प्रश्न त्याहून पुढचा होता. आठ तासांच्या पाळीत माझी दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख रीडिंगे होतात. बत्तीस बिटांच्या दशांश आकड्यात १,६७,७७,२१६ च्या पुढे एक मिळवला तर आकडा हलतच नाही, आहे तिथेच राहतो. म्हणजे माझी मोजणी पाळी संपायच्या कितीतरी आधी थिजणार. मग या पद्धतीचे काय होते, ती कुठवर खरी आणि कुठून खोटी, हे मूळ लिहिणाऱ्यांकडूनच समजून घ्यायला हवे. माझ्या मशीनवर माणसाचे हात असतात, ऐकीव माहितीवर मी ते चालवू शकत नाही.

निबंध शोधला, सापडलाही. पहिल्या काही ओळी दिसल्या आणि खाली चौकट : अठ्ठेचाळीस तास वाचायचे तर अमुक डॉलर भरा. हिशेब केला तर चार हजारांच्या वर रुपये. निबंध केवढा? पान ४१९ आणि ४२०. दोन पाने. साठ वर्षांपूर्वी छापलेली दोन पाने. आणि पैसे भरून ती आवडली नाहीत किंवा उपयोगाची निघाली नाहीत तर ते गेले. माझ्याकडे ऑपरेटरला आठवडाभराचा पगार देताना मी शंभरदा हिशेब करतो, दोन पानांना चार हजार मी कुठून आणू? शिवाय काम एका निबंधात कधी होत नाही. त्या एकाच्या खाली वीस संदर्भ असतात, त्यातले सहा आपल्या कामाचे वाटतात, आणि ते उघडल्याशिवाय कामाचे आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही.

शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाई आदराने बोलल्या, पण बाहेरच्या माणसाला आत बसू देता येत नाही म्हणाल्या, आणि ते नियतकालिक आमच्याकडे येतही नाही, असेही प्रामाणिकपणे सांगितले. शेवटी एका ओळखीच्या सरांनी पुण्यातल्या एका जुन्या संस्थेचे नाव सुचवले. पहाटेची एसटी धरली. तिथले ग्रंथपाल फार भले गृहस्थ, चिठ्ठीवर सही घेऊन मला आत सोडले. तळघरात लोखंडी मांडण्या, त्यावर कापडी बांधणीचे वर्षवार खंड. १९६२ चा खंड काढला तर पाठीची शिवण सुटलेली, कडा बिस्किटासारख्या ठिसूळ. झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. मी थांबलो नाही. वहीत दोन्ही पाने हाताने उतरवून घेतली, सूत्रांच्या खालच्या-वरच्या खुणांसकट, दोनदा ताडून पाहिली. रात्री दहाला घरी पोहोचलो. जाऊन येऊन सव्वाचारशे किलोमीटर.

मला त्या दिवसाचा राग नाही, उलट तो दिवस मला जन्मभर आठवेल. पण ही वाट सगळ्यांना परवडणारी नाही आणि पावणेसहाच्या एसटीने जायची सवड असलेली माणसे थोडी आहेत.

आता याच विषयातली दुसरी गोष्ट सांगतो. लांबलचक बेरजेत दरवेळी जो बारीक अंश गळून पडतो तो वेगळा जपून ठेवायचा आणि पुढच्या बेरजेत परत घालायचा, ही युक्ती विल्यम कहान यांनी १९६५ च्या जानेवारीत छापली. तीही जेमतेम पानभर. ती मला दोन मिनिटांत, फुकट मिळाली. कारण ती असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, म्हणजे एसीएम, या संस्थेच्या मासिकात आली होती आणि एसीएमने १९५१ पासून २००० पर्यंतचे आपले सगळे लिखाण, लाखाहून अधिक लेख, एप्रिल २०२२ मध्ये सर्वांना मोफत वाचायला खुले केले. २०२६ च्या जानेवारीपासून सगळेच खुले करण्याचा निर्णयही तिने जाहीर केला. तीन वर्षांच्या अंतराने छापलेली, एकाच दुखण्यावरची दोन औषधे. एक हातात येते, दुसऱ्याला कुलूप. त्यात गुणवत्तेचा काही संबंध नाही, ती कुणाच्या कपाटात पडली एवढाच फरक.

आणखी एक सापडले ते निव्वळ नशिबाने. चॅन, गोलब आणि लेव्हेक या तिघांचा व्हेरिअन्सच्या निरनिराळ्या पद्धती तपासणारा लेख १९८३ चा, तोही कुलपात. पण त्याच तिघांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक तांत्रिक अहवाल लिहिला होता, नाव वेगळे, विषय तोच, आणि तो खुला आहे. रीडिंगांचे छोटे गट करून त्यांची उत्तरे नंतर जोडायची रीत त्यात आहे. माझा दोन कोटींचा प्रश्न तिथे सुटला. पण नाव वेगळे असताना तो हाच, हे मला कोण सांगणार होते? संगणकशास्त्रात हे फार आहे. तोच मजकूर आधी विद्यापीठाचा अहवाल, मग परिषदेतला निबंध, मग नियतकालिकातला लेख, आणि कधी लेखकाच्या स्वतःच्या पानावर. चार दारांपैकी एक बहुधा उघडे असते. ते शोधायची नजर लागते, आणि ती नजर कॉलेजात कुणी शिकवत नाही.

मी हे ठामपणे म्हणतो ते माझ्या पुतणीमुळे. ती शहरातल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी गाइडनी आय ट्रिपल ई या अभियंत्यांच्या संस्थेचा बेस पेपर, म्हणजे ज्याच्या आधारावर प्रोजेक्ट करायचा तो निबंध, आणायला सांगितला. तिला विचारले, पंधरा निबंधांचा आढावा लिहिलास, वाचलेस किती? ती म्हणाली, "काका, उघडतात कुठे? वरचा सारांश वाचून लिहितो आम्ही सगळे." पोरगी हुशार आहे, कष्टाळू आहे. द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून डाऊनी हा रोग ओळखायचा प्रोग्रॅम तिला करायचा आहे, त्यासाठी ती सुटीत दिंडोरीला मामाच्या बागेत जाऊन आठशे फोटो काढून आली. आणि तिला दहा ओळींच्या सारांशावर अंदाज बांधावे लागतात. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो आहे.

पोरे करायची काय, तर कुलपातले निबंध प्रकाशकाच्या परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या सायहब नावाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते देशात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याबद्दल मला वाद घालायचा नाही. मी स्वतः धंदा करतो, दुसऱ्याचे ड्रॉइंग चोरून जॉब काढणाऱ्याला मी दारात उभे करत नाही. पण इथे लेखकाला त्या चार हजारांतला एक रुपया मिळत नाही. निबंध लिहिणाऱ्याला प्रकाशक मानधन देत नाहीत, तो तपासणारे दुसरे प्राध्यापकही फुकट तपासतात, आणि संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांच्या करातून झालेला असतो. डोनाल्ड क्नुथ यांच्यासारख्या संगणकशास्त्रातल्या ज्येष्ठाने २००३ च्या ऑक्टोबरात आपल्या नियतकालिकाच्या संपादक मंडळाला हेच दाखवणारे लांबलचक पत्र लिहिले, पानामागे किंमत कशी वाढत गेली याचे आकडे मांडले. ते वाचून सबंध मंडळाने राजीनामे दिले आणि एसीएमकडे नवे नियतकालिक सुरू केले. पत्राने एवढे होऊ शकते, म्हणून मीही हे लिहायला बसलो.

आपल्या सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. उलट फार मोठे काम केले आहे. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, आय ट्रिपल ई आणि एसीएम दोन्ही त्यात. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तिची व्यवस्था बघते. ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांमधल्या जवळपास एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधकांना याचा लाभ. वाचून ऊर भरून आला. पण यादी सरकारी संस्थांची आहे. माझ्या पुतणीचे विनाअनुदानित कॉलेज तिच्यात बसत नाही, आणि आपल्या शहरातली बहुसंख्य इंजिनिअरिंगची मुले अशाच कॉलेजांत शिकतात. माझ्यासारखा वर्कशॉपवाला तर कुठल्याच यादीत नाही. खासगी संस्थांना दुसऱ्या टप्प्यात आणि सर्वसामान्यांना सार्वजनिक ग्रंथालयांतून तिसऱ्या टप्प्यात, असे या योजनेविषयी सांगितले गेले आहे.

माझी मागणी एवढीच की तिसरा टप्पा आधी आणा. पैसे एकदा भरलेले आहेत, निबंध संगणकावर तयार आहेत. एका ग्रंथालयात एक संगणक त्या जाळ्याला जोडायचा, तिथेच बसून वाचायचे, हवे तर प्रत घरी नेऊ देऊ नका. सगळ्या देशाचे जमायला वेळ लागेल हे कळते. पण जिल्ह्याला एक तरी ठिकाण करता येईल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्याच अखत्यारीत येते, म्हणजे विचारायला दहा खात्यांचे उंबरे झिजवायचे नाहीत. आणि नाशिकला जागेची वाण नाही. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. त्या काळी पुस्तक विकत घेणे बहुतेकांना परवडत नव्हते म्हणूनच गावाने एकत्र येऊन ते उभे केले ना? मी तिथे गेली तीस वर्षे जातो. कादंबऱ्या वाचल्या, नाटकांची पुस्तके वाचली, कुसुमाग्रज वाचले. त्याच छताखाली मला स्पिंडलच्या कंपनांवरचा निबंध वाचायला मिळाला तर याहून मोठे सुख नाही.

दुसरी विनंती आपल्या शहरातल्या प्राध्यापकांना. आपण पदोन्नतीसाठी, पीएचडीसाठी निबंध छापता. त्यांची स्वीकारलेली प्रत, छपाईआधीची, आपल्या कॉलेजच्या पानावर किंवा आर्काइव्ह (arXiv) या इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात ठेवा. बरीच नियतकालिके तशी परवानगी देतात, फक्त नियम एकदा वाचावे लागतात. आर्काइव्ह १९९१ पासून चालू आहे, ठेवणाऱ्याला पैसे नाहीत, वाचणाऱ्याला नाहीत. मी कापण्याच्या कंपनांवर काम करणाऱ्या पोलंडमधल्या एका प्राध्यापकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत ईमेल केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध पाठवला, सोबत मोजणीच्या फायली, आणि विचारले की तुमच्या लेथवर काय आकडे येतात तेही कळवा. आपल्याकडच्या दोघांना लिहिले, उत्तर आले नाही. ते कामात असतील. पण त्यांचे निबंध उघडे असते तर मला त्यांना त्रासच द्यावा लागला नसता, आणि नाशिकमध्ये झालेले काम नाशिकच्या एमआयडीसीत वापरले गेले असते.

माझ्या लेथवरचा सेन्सर आता सात महिने चालू आहे. दर हजार रीडिंगांचा एक गट, गटाची वेलफोर्डच्या रीतीने उत्तरे, मग गटांची जोडणी. मार्चमध्ये रात्री सव्वादोनला दिवा लाल झाला, रात्रपाळीच्या पोराने मशीन थांबवून इन्सर्ट काढला, कड उडालेली होती. वाया गेला तो एकच जॉब. सकाळी मी सिन्नरला फोन करून आमच्या जुन्या ऑपरेटरना सांगितले. ते म्हणाले, "शेठ, मशीनला कान फुटले म्हणायचे."

जिल्ह्यातल्या कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाने असा एक कोपरा करायचा ठरवले तर संगणक, टेबल आणि दोन खुर्च्या मी देतो. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी स्वतः तिथे बसेन आणि खुली प्रत कुठे सापडते ते शोधायला येईल त्याला मदत करेन, मग तो विद्यार्थी असो, फिटर असो की बागायतदार. वहीत उतरवलेली ती दोन पानेही तिथे दाखवायला ठेवेन. आपल्या कार्यालयात माझा पत्ता आणि फोन दिलेला आहे, ग्रंथालयाच्या कुणी विचारल्यास जरूर द्यावा.

आपला नम्र,
एक वर्कशॉपवाला,
सातपूर, नाशिक